मोडी शिकताय? या चुका टाळा

मोडी लिपी शिकायला आमच्या वाचन गटात नवे लोक सतत येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘सगळे व्हिडिओ बघून झालेत.’ पुढ्यात खरा कागद ठेवला की पहिल्या ओळीतच गाडी अडते. त्यांच्या हुशारीत काही कमी नसतं. नुसतं बघून ओळखीची झालेली अक्षरं कागदावर जोडून आली की परकी होतात, एवढंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाताने न लिहिणं. मोडी ही भरभर लिहायची लिपी. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे एक अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे तुमचा हात त्या वळणावरून गेला असेल तरच डोळ्यांना कळतं. मी रोज सकाळी एखाद्या जुन्या कागदाच्या चार-पाच ओळी जशाच्या तशा उतरवतो, अर्थ लागो न लागो. साधं जेल पेन पुरतं. बोरू, दौत आणि हातकागद विकत घेऊन त्यांचे फोटो टाकणारे पुष्कळ पाहिले. त्यांतले फार थोडे पानभर लिहितात.

दुसरी चूक एकट्याने वाचून निकाल देण्याची. एका कुटुंबाकडे जमिनीचा जुना कागद होता. घरातल्या तरुणाने फोनवर शिकून तो स्वतःच लावला आणि ‘ही महाराणी ताराबाईंच्या काळातली सनद’ असं सगळ्या भावकीत जाहीर केलं. कागदाची फ्रेम झाली, घराण्याच्या स्मरणिकेत तो छापायचं ठरलं. छपाईच्या आधी कुणीतरी तो आमच्याकडे आणला. आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत. ते बोट ठेवून मोठ्याने वाचतात. ‘सन सबा सबैन मया व अलफ.’ एवढ्यावरच ते थांबले.

सुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली कालगणना, तिचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1177. हा सन मृगापासून बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे. म्हणजे कागद 1776-77 चा, सवाई माधवरावांच्या काळातला. त्या मुलाला ‘सबैन’ हा ‘सबा’चाच चुकून दुसऱ्यांदा लिहिलेला शब्द वाटला, त्याने तो सोडून दिला आणि 1107 धरून 1706 साल काढलं. एका शब्दापायी सत्तर वर्षं गेली! वाईट याचं वाटतं की मुलगा मेहनती होता. शेजारी कुणी बसलेलं असतं तर तो शब्द सुटला नसता.

म्हणून आमच्याकडे दोघांनी वेगवेगळं लिप्यंतर करायचं, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही समोरासमोर ठेवून मोठ्याने वाचायचं. जिथे पटत नाही तिथे खाली रेघ मारून जागा तशीच ठेवायची. अंदाजाने भरलेला शब्द पुढे खरा म्हणून फिरतो, आणि वाद जमिनीचा असेल तर तो लोकांना महागात पडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्याच महिन्यात शिवकालीन पत्रांना हात घालू नका. पेशवाईतल्या सुबक वळणाच्या कागदांपासून सुरुवात करा. पीडीएफ साठवत बसू नका, एकच उघडा आणि संपवा. मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, जागा आहे, पण टाइप करता आलं म्हणजे हस्ताक्षर लागतं असं नाही. प्रमाणपत्र मिळालं की वाचन थांबवणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

आणि शिकवायला ‘तयार होण्याची’ वाट बघू नका. गटात नवा माणूस आला की मी त्याला महिन्याभरापूर्वी आलेल्याशेजारी बसवतो. मुळाक्षरं तोच शिकवतो. नवा माणूस विचारतो, ‘हा उकार ह्रस्व की दीर्घ, कसं ओळखायचं?’ मग शिकवणाऱ्याला आख्खं वाक्य पुन्हा वाचून अर्थावरून ते ठरवावं लागतं. नाहीच जमलं तर दोघं तलाठीकाकांकडे जातात, आणि काका उत्तर न देता त्याच हाताचा दुसरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवतात.