साथीत घरचे माणूस दूरच्या दवाखान्यात गेले तर

२०२१च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी अमरावती, यवतमाळ, अकोला या पट्ट्यात जाणवली आणि पुढच्या महिन्यांत आमच्याकडच्या खेड्यांतून नागपूरच्या मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलेल्या कितीतरी माणसांच्या घरी शेवटी केवळ फोन आला. पुन्हा साथ आली, तर तयारी या फोनपासून करावी.

रुग्णाला भरती करतानाच दवाखान्यात दोन क्रमांक लिहून द्यावेत. फोन घेणारी व्यक्ती थोरला मुलगाच असावी असे नाही. ऐकून नीट लिहून घेणारी धाकटी सून अधिक उपयोगी पडते. तिने एका वहीत तारीख, वेळ, वॉर्ड, बोलणाऱ्याचे पद आणि सांगितलेली स्थिती टिपावी. ‘सिरीयस आहे’ एवढ्यावर न थांबता ‘वाचण्याची आशा किती आहे?’ असे स्पष्ट विचारावे, आणि रुग्ण शुद्धीवर असेतोवर त्याच्या कानाशी फोन धरण्याची विनंती परिचारिकेला करावी. रुग्णासोबत चार्जर आणि चष्मा द्यायला विसरू नये.

बातमी सांगणे हा सर्वांत अवघड भाग आहे. एरवी आपल्याकडे ‘तब्येत जास्त आहे, लवकर या’ एवढेच कळवतात आणि मातीला येणारा माणूस एसटीतल्या दोन-तीन तासांत खरे काय ते आपोआप ओळखतो. साथीत तो प्रवासच नसतो, म्हणून ती सवय येथे घातक ठरते: म्हाताऱ्या आईला दोन दिवस ‘बरे आहेत’ सांगत राहिले, तर पुढे तिचा कोणाच्याच शब्दावर विश्वास राहत नाही. तिच्याजवळ बसून ‘गेले’ हा शब्द उच्चारावा. मुलांनाही ‘बाबा बाहेरगावी गेले’ असे सांगू नये, कारण ती वाट पाहत राहतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२०च्या सूचनांनुसार मृतदेहाच्या पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवता येत होता, स्पर्श न करता मंत्रपठण व पाणी शिंपडणे चालत होते; आंघोळ घालण्यास व कवटाळण्यास मात्र मनाई होती. अनेक कुटुंबांना हे कोणी सांगितलेच नाही. म्हणून त्या वेळचा नियम काय आहे, हे आपणच विचारावे. राखेपासून धोका नाही, असेही त्या सूचनांत नमूद होते. तेव्हा अस्थी मागून घ्याव्यात आणि कौंडण्यपूरला वर्धा नदीत किंवा रामटेकच्या अंबाळा तलावात नेण्याची घाई करू नये. तेरवी असो की पुण्यानुमोदन, घरच्या चार माणसांत करून नातेवाइकांना पुढे वर्षश्राद्धाला बोलावता येते.

शेजाऱ्यांनी पिठले-भाकरीचा डबा ओसरीवर ठेवून लगेच निघून जाऊ नये. अंगणात अंतर राखून थोडा वेळ बोलत उभे राहावे. वाळीत टाकल्याची भावना पुष्कळदा त्या पाठमोऱ्या जाण्यातून येते.

कागदपत्रांत एक चूक हमखास होते. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथे होते, राहत्या गावी नव्हे. नागपूर शहरातल्या दवाखान्यातील मृत्यूसाठी गावच्या ग्रामसेवकाकडे खेटे घालणे व्यर्थ आहे. घरी मृत्यू झाला असल्यास मात्र त्याच्याकडेच जावे. २१ दिवसांत नोंद केल्यास शुल्क लागत नाही. नाव आधार व सातबाऱ्याप्रमाणेच आहे का, हे तपासावे. कोरोनाच्या ५०,००० रुपयांच्या मदतीसाठी चाचणीपासून ३० दिवसांतला मृत्यू ग्राह्य धरला गेला होता, त्यामुळे चाचणीचा अहवाल व डिस्चार्जचे कागदही जपून ठेवावेत.

झोप उडाली, जेवण तुटले आणि हे आठवडे लोटले तरी चालूच राहिले, तर आशाताईंना सांगावे किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या निःशुल्क मदत क्रमांकावर बोलावे.

महिना-दोन महिन्यांनी, वॉर्डातली गर्दी ओसरल्यावर, वही घेऊन एकदा त्या दवाखान्यात जावे. शेवटच्या रात्री जवळ कोण होते, पाणी मागितले का, कोणाचे नाव घेतले का, हे विचारावे. कोणाला आठवत नसेल, तर तेही तारखेसह वहीत लिहून ठेवावे.