माऊन ते कसाने: बोट्सवानाची कँपिंग सफारी स्वतः गाडी चालवत कशी आखावी

उत्तर बोट्सवानात माऊन आणि कसाने या दोन गावांच्या मध्ये मोरेमी, ख्वाई, सावुती आणि चोबे हा वन्यजीवांचा पट्टा आहे. तिथे भाड्याची फोर-बाय-फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) घेऊन स्वतः फिरता येतं आणि तिच्याच टपावरच्या तंबूत झोपता येतं. गाइड लागत नाही, महागडी लॉजही नको. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असल्याने आपल्याकडच्या चालकाला सवयही बदलावी लागत नाही. घोळ होतो तो क्रमात. आधी स्वस्त विमानतिकीट, मग गाडी आणि शेवटी मुक्काम असं नियोजन इथे हमखास फसतं. एकेका कँपवर जेमतेम दहा-पंधरा जागा असतात आणि आरक्षणाचा कागद नसेल तर मुक्कामासाठी गेटवरून आत सोडत नाहीत. म्हणून आधी जागा, मग गाडी, तिकीट सर्वांत शेवटी.

१. महिना ठरवा

जून ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस ओकावांगो नदीतून सावकाश उतरत जून-ऑगस्टच्या सुमारास माऊनच्या बाजूला पोहोचतो. म्हणजे स्थानिक पाऊस थांबून महिने लोटलेले असतात आणि त्रिभुज प्रदेश मात्र पाण्याने भरलेला असतो. आसपासचं रान सुकलेलं असल्याने जनावरं या पाण्यापाशी गोळा होतात.

जुलैत पहाटे पारा पाच अंशांखाली जाऊ शकतो, ऑक्टोबरमध्ये दुपारी चाळीसच्या पुढे. शाळेच्या सुट्टीशी जुळवायचं तर मे चालेल. गवत उंच असल्याने प्राणी कमी दिसतात, पण हवा छान असते. दिवाळीची सुट्टी उशिरा आली तर कडक उन्हाळा आणि पहिला पाऊस दोन्ही एकदम गाठतात.

२. मार्ग तासांत मोजा

दोघा-चौघांसाठी नीट बसणारा अकरा रात्रींचा आराखडा असा: माऊन १, मोरेमीतले साऊथ गेट १, थर्ड ब्रिज २ आणि ख्वाई (नॉर्थ गेट) २, मग सावुती २, चोबे नदीकाठचा इहाहा कँप २, कसाने १.

नकाशावर ही अंतरं किरकोळ वाटतात. साऊथ गेट ते थर्ड ब्रिज सुमारे ५० किलोमीटर आहे आणि त्याला दोन-अडीच तास लागतात. ख्वाई ते सावुती साधारण ११० किलोमीटर, तास पाच. सावुतीहून कसाने १७० किलोमीटरच्या आसपास, पण काचिकाऊ गावापर्यंतची वाळू अर्धा दिवस खाते. उद्यानांत सूर्यास्तानंतर गाडी चालवायला मनाई आहे, त्यामुळे "जरा उशीर झाला तर होऊ दे" हा हिशेब इथे चालत नाही. एकेक रात्रीचे मुक्काम जितके कमी तितकं बरं. रोज तंबू गुंडाळण्यात पहाटेचा उत्तम वेळ जातो.

ख्वाईनंतर लागणाऱ्या मबाबे गावाहून सावुतीला जायला दोन वाटा आहेत: एक वाळूच्या उंचवट्यावरून, दुसरी दलदलीच्या पट्ट्यातून. दुसरी कोरड्या दिवसांत सोपी आणि प्राण्यांच्या दृष्टीने सरस, पण ती जमीन आपल्या मराठवाड्यासारखी काळी, चिकट माती आहे. पाऊस शिंपडला तरी चाकं बरबटून गाडी जागीच फिरते. ढग दिसले की वाळूचीच वाट धरावी.

३. आरक्षण

कँप वेगवेगळ्या खासगी कंपन्यांकडे चालवायला दिलेले आहेत. एकाच जागी सगळं आरक्षित होत नाही. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र ई-मेल करून तारखा जुळवाव्या लागतात. जुलै-ऑगस्टसाठी दहा-अकरा महिने आधी सुरुवात करा. सावुती आणि थर्ड ब्रिज आधी भरतात, म्हणून या दोन तारखा पक्क्या करून बाकीच्या त्यांच्याभोवती बसवा. कँपचं भाडं वेगळं, उद्यानाचा प्रवेश वेगळा. तो वन्यजीव खात्याला, माणशी, गाडीसाठी आणि दिवसागणिक द्यावा लागतो. अंदाजपत्रकात हा आकडा विसरणारे पुष्कळ. सगळे कागद छापून न्या. गेटवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

४. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर बोट्सवानाचा व्हिसा आधी काढावा लागतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवाना आधी संपत असेल तर तिथपर्यंतच. मुलं सोबत असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला ठेवा. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भारतातून नेऊ-आणू नका. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि विमानतळांवर त्यापायी लोकांना अटक झालेली आहे. ते गाडीसोबत तिथेच भाड्याने घ्या. जरूर घ्या, कारण ख्वाई-सावुतीच्या मध्ये दुसरा आधार नाही.

५. गाडी

टोयोटाची हायलक्स डबल कॅब बहुतेकांना पुरते. लँड क्रूझर जास्त दणकट आणि जास्त तहानलेली. विम्याचा करार ओळ न् ओळ वाचा: गाडीचा तळ, टायर, काचा, पाण्यात बुडणं आणि दुसऱ्या वाहनाशिवाय झालेली पलटी या गोष्टी बरेचदा वगळलेल्या असतात. कित्येक गाड्यांत वेग नोंदवणारं यंत्र असतं. मर्यादा ओलांडल्याची नोंद सापडली की विमा हात वर करतो.

ताबा घेताना दोन तास राखून ठेवा. तंबू स्वतः उघडून पुन्हा मिटवा. जॅक लावून एक चाक उचलून बघा; वाळूत टेकवायला त्याच्याखाली फळी हवी, तीही मागा. दोन स्टेपनी, हवा भरायचा कंप्रेसर, प्रेशर मोजायचं गेज, फावडं, चाकाखाली घालायच्या पट्ट्या, ओढायचा पट्टा, रेडिएटरसमोर गवताचं बी अडवणारी जाळी, फ्रिजसाठी वेगळी बॅटरी, भरलेला गॅस. यातलं एकही नसेल तर गाडी तिथून हलवू नका.

६. इंधन, पाणी, शिधा

माऊन सोडल्यावर भरवशाचा पंप थेट कसानेलाच. मार्ग सुमारे ५०० किलोमीटर, त्यात रोजच्या फेऱ्यांचे ३०० धरा. वाळूत हायलक्स १०० किलोमीटरला १५ लिटर सहज पिते: १२० लिटर झाले. वर पाचवा हिस्सा राखीव ठेवला की १४५. मूळ टाकी ८० लिटरची असते, म्हणून जादा टाकीवालीच गाडी मागा.

पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर. माऊन ते कसाने दोघांना दहा दिवसांचे १०० लिटर लागतात. कँपवर नळ असतात, पण ते पाणी धुण्याभांड्यांसाठी धरा.

किराणा माऊनच्या सुपरमार्केटात मिळतो. घरून मसाला आणि मेतकूट बंद पाकिटात नेलं की पुरे. दुधाची खोकी एकमेकांवर रचू नका. खडबडीत रस्त्यावर तासभर घासून त्यांना भोक पडतं आणि फ्रिजचा तळ दुधाने भरतो. मध्ये टॉवेल घाला. संत्री, लिंबं, मोसंबी तर नकोच. त्यांचा वास हत्तीला लांबून येतो आणि तो गाडी फोडायलाही कमी करत नाही. मांस खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की उद्यानांकडून दक्षिणेला परतताना पशुरोग पसरू नयेत म्हणून घातलेल्या कुंपणाच्या नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात.

७. वाळूत गाडी चालवणं

अर्ध्याअधिक गाड्या रुततात त्या हवा न काढल्यामुळे. डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय, खडीच्या रस्त्यावर २६, खोल वाळूत १८ ते २०. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन विभागलं जातं आणि चाक खणत बसण्याऐवजी वर राहतं. मात्र अशा टायरवर ४० च्या पुढे जाऊ नका आणि झटक्यात वळू नका, टायर रिमवरून निसटतो.

वाळू सुरू होण्याआधीच फोर-व्हील लावा. दुसरा-तिसरा गिअर, एकसारखा वेग, स्टीअरिंग सैल. थांबायचंच झालं तर ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग जमतो. गती तुटली आणि चाकं फिरू लागली की अ‍ॅक्सिलरेटर तिथेच सोडा. आणखी दाबलं की अ‍ॅक्सल टेकतो आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू उपसा, हवा १५ वर आणा, लो रेंजमध्ये (फोर-व्हीलचा हळू पण जास्त जोर देणारा गिअर) आपल्याच चाकोरीतून मागे या. उतरण्याआधी चहूकडे नजर टाका, एकाने खणायचं आणि एकाने पहारा द्यायचा. शक्यतो सकाळी निघा. गार वाळू घट्ट असते, दुपारी तीच भुसभुशीत होते.

उंच गवतातून गेल्यावर तासाभराने थांबून खाली वाका. सायलेन्सरजवळ अडकलेलं सुकं गवत पेटून गाड्या जळतात. लांब सळई किंवा तार जवळ ठेवा.

पाण्यातून वाट जात असेल तर चालत खोली बघायची नाही; मगर आणि पाणघोडा दोन्ही तिथे असतात. दुसरी गाडी जाईपर्यंत थांबा. कुणीच आलं नाही आणि पलीकडे चाकांचे ताजे ठसे दिसत नसतील तर परत फिरा.

८. कँपवर

कुंपण नाही, हे मनात पक्कं करा. सावुतीचं न्हाणीघर जाड भिंतीआड, किल्ल्यासारखं बांधलेलं आहे, कारण पाण्याच्या वासाने हत्ती नळ उखडायचे. तिकडे शंभर पावलंही अंधारात पायी जाऊ नका. रात्रीची लघवी तंबूत बाटलीत, किंवा शिडीवरून टॉर्च चहूबाजूंना फिरवून मगच खाली, तीही गाडीला चिकटून. टॉर्चच्या उजेडात डोळे चमकले तर वर.

सूर्य मावळण्याआधी स्वयंपाक उरका. भांडी, चपला, खुर्च्या बाहेर ठेवल्या तर तरस नेतात; त्यांना चामडं आणि करपलेला तवा सारखाच प्रिय. दिवसा थर्ड ब्रिजला बबून माकडं तंबूची चेन उघडतात, म्हणून फिरायला जाताना तंबू मिटूनच जा. सरपण बाहेरून विकत आणा, उद्यानातलं उचलायला बंदी आहे. मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा, दुपारीसुद्धा.

९. बाहेर पडताना

काचिकाऊला डांबर लागलं की आधी हवा भरा. कमी हवेचा टायर डांबरावर तापून फुटतो. पुढचा रस्ता सोपा, पण गाढवं आणि गुरं मधोमध उभी असतात. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठा. गाडी माऊनलाच परत द्यायची असेल तर नाटामार्गे सुमारे ६०० किलोमीटर डांबर आहे, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरी आल्यावर मध्येच सोडू नका: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर आणखी सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. नंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी बोट्सवानाचं नाव सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.