कडू न लागणारी अमेरिकन क्राफ्ट बिअर कशी शोधावी

अमेरिकेतल्या मोठ्या दारूच्या दुकानात शिरलं की क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअरींत बनणाऱ्या बिअरची, अख्खी भिंत समोर येते. कॅनवर कवट्या, ऑक्टोपस, रंगांची उधळण आणि जिकडे बघावं तिकडे 'आयपीए' (इंडिया पेल एल, कडवटपणासाठी ओळखला जाणारा प्रकार). नवखा माणूस त्यातलाच एक उचलतो, पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो आणि क्राफ्ट बिअर म्हणजे कडूजहर, असं कायमचं ठरवून टाकतो. ऑनसाइटला गेलेली मंडळी असोत की मुलीकडे सहा महिने राहायला गेलेले बाबा, बहुतेकांची सुरुवात अशीच फसते. हलक्या, सहज घशाखाली उतरणाऱ्या बिअरही त्याच भिंतीवर असतात. फक्त त्या आरडाओरडा करत नाहीत.

पायरी १ : आपल्याला आत्ता काय आवडतं ते बघा

किंगफिशरसारखी स्वच्छ, थंडगार लागर आवडत असेल तर कॅनवर पिल्सनर, लागर, क्योल्श किंवा क्रीम एल हे शब्द शोधा. पेन्सिल्व्हेनियातल्या व्हिक्टरी ब्रुअरीची 'प्रिमा पिल्स' (५.३ टक्के) त्यातली चांगली, जरा करकरीत. बोस्टनची 'सॅम्युअल अॅडम्स बोस्टन लागर' १९८५ पासून बाजारात आहे आणि विमानतळावरच्या बारमध्येही सहसा मिळते. तिला थोडा भाजलेल्या धान्याचा गोडवा आहे.

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत व्हीट (गव्हाची) बिअर मागवणाऱ्यांचं काम तर आणखी सोपं. त्यांनी हेफेवायझन किंवा विटबिअर घ्यावी. हेफेवायझनला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग; ती सगळी यीस्टची करामत. विटबिअरमध्ये मात्र खरेच मसाले पडतात. मेन राज्यातल्या पोर्टलंडची 'अॅलागॅश व्हाइट' (५.२ टक्के) घ्या: गढूळ, फिकट पिवळी, आणि तिच्यात चक्क धणे आणि संत्र्याची साल. पहिल्या घोटात धणे ओळखू येत नाहीत. ग्लास जरा कोमट होऊ द्या, मग मागून हळूच येतात. बिअर न आवडणाऱ्या माणसाला एकच ग्लास द्यायचा असेल तर मी हाच देईन.

आणि काहीच ठरवायचं नसेल तर ब्लाँड एल. कॅलिफोर्नियात गेलात तर फायरस्टोन वॉकरची '८०५' (४.७ टक्के) पेट्रोल पंपावरही दिसेल. नाव तिथल्या टेलिफोनच्या एरिया कोडवरून आलंय. फार विचार न करता प्यायची बिअर आहे, तेवढीच अपेक्षा ठेवा.

पायरी २ : कॅनवरचे आकडे वाचा

एबीव्ही म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण. ४ ते ५.५ टक्के हा आपला टापू. अमेरिकन क्राफ्टमध्ये ८, १०, १२ टक्क्यांच्या बिअर सर्रास मिळतात आणि चवीवरून ते नेहमी कळत नाही. डबल, इम्पीरियल, बॅरल-एज्ड हे शब्द दिसले की कॅन परत जागेवर. 'सेशन' हा शब्द मात्र आपल्या कामाचा. त्याचा अर्थ अल्कोहोल कमी.

आयबीयू हा कडवटपणाचा आकडा. सगळेच छापत नाहीत, पण असलाच तर २५च्या खाली राहा. 'हेझी आयपीए'पासून जरा जपून: कडवटपणा कमी, आंब्या-अननसाचा वास, आणि अल्कोहोल बहुतेक वेळा ६-७ टक्के. ज्यूससारखी जाते आणि मग जड पडते.

पायरी ३ : तारीख शोधा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. हलक्या बिअरमध्ये शिळेपणा लपायला जागा नसते. कॅन उलटा करा, बुडाशी बारीक अक्षरात तारीख असते. इथे दोन गोष्टींनी घोळ होतो. एक, अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०४/०९ म्हणजे ९ एप्रिल. दोन, ती तारीख भरल्याची आहे की 'बेस्ट बाय' आहे, ते नीट वाचा. भरून तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम.

फ्रिजमधलीच घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची, खिडकीत उन्हात मांडलेली बाटली नको. प्रकाशाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) द्रव्यं बदलतात आणि बिअरला एक कुबट वास धरतो. कॅनला ही भीती नाही.

पायरी ४ : आख्खा सहाचा पॅक घेऊ नका

बऱ्याच दुकानांत सुटे कॅन निवडून स्वतःचा सहाचा पॅक बनवता येतो. त्याहून बरं म्हणजे थेट ब्रुअरीच्या टॅपरूममध्ये, म्हणजे तिच्याच बारमध्ये, जाणं. तिथे 'फ्लाइट' मागा: लाकडी पट्टीवर चार-पाच छोटे ग्लास, प्रत्येकात साधारण १२० ते १५० मिली. फिकट आणि हलकीपासून सुरुवात करून गडद आणि कडूकडे जा; उलटं केलंत तर पिल्सनर पाण्यासारखी लागेल. बारमागच्या माणसाला सरळ सांगा, "कडू नको, हलकी द्या." त्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक ठिकाणी घोटभर चव फुकटही देतात. दर ग्लासामागे डॉलरभर टिप ठेवायची रीत आहे.

वय २१ पूर्ण लागतं आणि पांढरे केस असले तरी ओळखपत्र मागू शकतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये. चार छोटे ग्लास मिळून एक अमेरिकन पिंट (साधारण ४७३ मिली) होतोच.

पायरी ५ : शिक्क्याला आणि नावाला किती भुलायचं?

काही कॅनवर उलट्या बाटलीचं छोटं चिन्ह असतं. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१७ साली ते आणलं. ब्रुअरी लहान आणि स्वतंत्र आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे शिक्का मालकीचा आहे, चवीचा नव्हे. वर सांगितलेली '८०५' बनवणारी कंपनी २०१५ पासून बेल्जियमच्या डुव्हेल मूर्टगाट या बिअर कंपनीशी जोडलेली आहे. संत्र्याची फोड लावून मिळणारी 'ब्लू मून' तर मोल्सन कूर्स या बड्या कंपनीची, पण ती वाईट लागते असं काही नाही.

गावची बिअर मात्र गावातच प्यावी. विस्कॉन्सिनच्या न्यू ग्लारस ब्रुअरीची 'स्पॉटेड काऊ' त्या राज्याबाहेर विकलीच जात नाही. शिकागोहून विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन फार लांब नाही, त्या बाजूला जाणं झालं तर सोडू नका.

पायरी ६ : एक पायरी वर चढा

हलक्या बिअरशी गट्टी जमली की 'सिएरा नेवाडा पेल एल' (५.६ टक्के) घेऊन बघा. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९८० पासून बनते. कॅस्केड हॉप्सचा ग्रेपफ्रूटसारखा वास आणि मोजका कडवटपणा अमेरिकन क्राफ्टच्या पुढच्या पिढ्यांनी इथूनच उचलला. इथे थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा.

पिताना दोन गोष्टी. बर्फाळलेला मग नको, अति गारठ्यात चव मरते. आणि सोबत तिखट असेल तर व्हीट बिअर घ्या. कडू बिअरने मिरचीचा झणका वाढतो. बटाटेवड्याबरोबर 'अॅलागॅश' झकास जाते.

परतताना घरच्यांसाठी आणायची असेल तर कॅन कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. भारतात दारू दोन लिटरपर्यंतच शुल्कमुक्त आणता येते. अमेरिकन कॅन ३५५ मिलीचा, म्हणजे सहाचा पॅक २,१३० मिली भरतो. पाच बॅगेत, सहावा निघायच्या आदल्या रात्री.