2147483647 ला प्रोग्राम ‘संयुक्त’ म्हणतोय? या चुका टाळा

2³¹ − 1 म्हणजे 2147483647 ही मूळ संख्या आहे, हे गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्येच दाखवून दिलं. तरीही जावा या प्रोग्रामिंग भाषेतला, एकेक भाजक घेऊन भागून पाहणारा साधा प्रोग्राम बराच वेळ चालून तिला संयुक्त ठरवू शकतो. दोष असतो ‘भाजक × भाजक <= संख्या’ या अटीत. 32 बिटच्या इंटमध्ये (जावातल्या पूर्णांकांच्या नेहमीच्या प्रकारात) मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. भाजक 46341 झाला की त्याचा वर्ग 2147488281 येतो, तो मावत नाही आणि ऋण होतो. अट काही केल्या मोडत नाही. शेवटी भाजक स्वतः 2147483647 होतो, बाकी शून्य येते आणि चुकीचा निकाल छापला जातो. अट ‘भाजक <= संख्या / भाजक’ अशी लिहा, किंवा लाँग हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा. ऑयलरप्रमाणे मेहनत वाचवायची असेल, तर 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 बाकी उरते तेवढेच भाजक तपासा. या संख्येचा दुसरा कुठला मूळ विभाजक असूच शकत नाही.

जावास्क्रिप्टची गंमत वेगळी. 2⁶¹ − 1 साध्या संख्येत ठेवली की 2305843009213693951 चे शेवटी ...952 होतात. सम संख्या! तिथे मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा बिगइंट हा प्रकार हवाच. एक्सेल तर पहिले 15 अंकच राखतं, त्यामुळे हे काम त्याला सांगूच नका.

सर्वांत फसवी चूक मात्र गणिताची आहे. फर्माची कसोटी (पायाचा n − 1 वा घात n ने भागून बाकी 1 आली, तर n पास) 2 हा पाया घेऊन लावली की घातांक मूळ असलेली 2ᵖ − 1 प्रकारची प्रत्येक संख्या पास होते, मग ती मूळ असो वा नसो. 2¹¹ − 1 = 2047 पाहा. 2 चा अकरावा घात 2047 ने भागला की बाकी 1. 2046 ला 11 ने नि:शेष भाग जातो, म्हणून 2 च्या 2046 व्या घाताचीही बाकी 1 च. प्रत्यक्षात 2047 = 23 × 89. पाया 3 घेतला की हे बिंग लगेच फुटतं. 2⁶⁷ − 1 सुद्धा पाया 2 ला अशीच चकवते. फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने 1644 मध्ये ती मूळ मानली होती; 1903 मध्ये गणितज्ञ कोलने 193707721 × 761838257287 हे अवयव मांडले.

म्हणून या संख्यांसाठी लुकास–लेमर कसोटीच घ्या. 4 पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून 2 वजा, मग 2ᵖ − 1 ने भागून बाकी; असं p − 2 वेळा. शेवटी 0 आलं तरच संख्या मूळ. फेरी एक कमी-जास्त झाली की निकाल बिघडतो. बाकी आधी काढून मग 2 वजा करत असाल, तर उत्तर ऋण येऊ शकतं. तसं झालं तर त्यात भाजक, म्हणजे 2ᵖ − 1, मिळवा. p = 2 ला ही कसोटी लागू नाही, नाहीतर 3 संयुक्त निघेल. कोड तपासायला 127 (p = 7) घ्या: 4, 14, 67, 42, 111, 0 असाच क्रम यायला हवा.