मुलांना नेमबाजांच्या मेळाव्याला न्यायचं असेल तर

"ताई, रविवारी तुमचे सगळे जमतात ना, पोराला नुसतं बघायला आणू का?" नेमबाज स्वप्नील कुसाळेला १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरण्याचं) कांस्यपदक मिळालं, तेव्हापासून हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. कधी दादरच्या ओळखीतून, कधी मुलुंडहून कुणाचा फोन. मी कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफल (छोट्या गोळीची सरावाची रायफल) चालवायला शिकले, आणि आता स्पर्धांत, मेळाव्यांत रेंज ऑफिसर म्हणून, म्हणजे रेंजवर (नेमबाजीच्या जागी) हुकूम देणारी म्हणून, फायरिंग लाइनच्या, म्हणजे जिथून गोळी झाडतात त्या रेषेच्या, मागे उभी असते. माझं उत्तर असं की जरूर आणा, पण ज्या ठिकाणी बंदुकीपेक्षा शिस्तीला जास्त मान आहे अशाच ठिकाणी आणा. मूल किती धीट आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

सगळे मेळावे सारखे नसतात. रेंजवरची स्पर्धा किंवा क्लबचा खुला दिवस असेल तर उत्तम. तिथे रेषा आखलेली असते, हुकूम देणारा एकच माणूस असतो. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांची बैठक जरा मोठ्या मुलांसाठी ठीक, पण प्रत्येक हत्यार रिकामं असल्याचं सगळ्यांसमोर उघडून दाखवतात का, ते विचारा. खंडेनवमीला कुणाकडे शस्त्रपूजन असेल तर तीच अट लावा. हत्यार पाटावर ठेवण्याआधी घरच्या जबाबदार माणसाने ते उघडून पाहिलेलं हवं. कर्जत-मुरबाडकडच्या फार्महाउसवर मित्रमंडळी एअरगन घेऊन जमतात आणि झाडाला डबा टांगतात, तिथे मुलांना नेऊ नका. कडक वस्तूवर आपटलेला छर्रा उलटा येतो आणि डोळा जायला तेवढं पुरतं. लग्नाच्या वरातीत कुणी हवेत बार काढत असेल तर मुलांना घेऊन सरळ निघा. इतरांचा जीव धोक्यात येईल असा आनंदाचा गोळीबार हा २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जाण्याआधी आयोजकांना फोन करा. रेंज ऑफिसर कोण आहे? बघणाऱ्यांची जागा फायरिंग लाइनपासून वेगळी आहे का? मुलांच्या मापाचे इअरमफ मिळतील का? त्या दिवशी जेवणाबरोबर दारू आहे का? मुलांच्या हातात हत्यार द्यायचं की नाही, ते कोण ठरवतं? उत्तरं नीट आली, तुमच्या प्रश्नांचा राग आला नाही, तर जायला हरकत नाही. "अहो, सगळी घरचीच माणसं आहेत, काही होत नाही" असं कुणी म्हणालं तर तो बेत तिथेच रद्द करा. ज्या जागी काही होत नाही याची खात्री असते तिथे कुणी लक्ष ठेवत नसतं.

आता कान. यात आईवडील सर्वांत जास्त ढिलाई करतात. पॉइंट टू टू रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, बारा बोअरच्या बंदुकीचा (शॉटगनचा) त्याहून वर. अचानक होणाऱ्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांना १४० ची मर्यादा सांगितली आहे, लहानांना १२० ची. म्हणून गोळी चालते तिथे मुलांना कानात फोमचे प्लग आणि वरून मफ, दोन्ही हवेत. मफ घातल्यावर एकदा बोट फिरवून बघा. चष्म्याची काडी, वेणी, टोपीची कड, यातलं काहीही मफच्या गादीखाली आलं की बारीक फट राहते आणि आवाज तिथूनच आत शिरतो. मुंबईच्या दमटपणात मफखाली घाम येतो, मुलं खाजवायला ते उचलतात, आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या लेनवर बार होतो. त्यासाठी रुमाल जवळ ठेवा आणि मफ काढायचा झाला तर आधी मुलाला लाइनपासून लांब, बंद दाराबाहेर न्या. गोळीबार चालू असताना रडणाऱ्या मुलाचा मफ काढून "काय झालं रे?" विचारणारे वडील मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट शिसं, आणि ते आवाजासारखं जाणवत नाही. छर्रे शिशाचे, पॉइंट टू टूची गोळी शिशाची, काडतुसाच्या टोपीतही बहुधा शिशाचं संयुग असतं. बंदिस्त रेंजवर त्याची भुकटी जमिनीवर, टेबलावर, कपड्यांवर बसते. डबीतले छर्रे दोन मिनिटं हाताळून बोटाची टोकं बघा, करडी झालेली दिसतील. त्याच बोटांनी मूल वडापाव खातं. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट जास्त शिसं शोषून घेतं, आणि रक्तातलं अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी कुणालाच सांगता आलेली नाही. तेव्हा रेंजवर खाणंपिणं बंद, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. निघताना साबण आणि पाण्याने हात-तोंड धुवा, सॅनिटायझरने शिसं जात नाही. बूट दाराबाहेर काढा, कपडे वेगळे धुवा. रांगणारं बाळ, सगळं तोंडात घालणारं मूल, गरोदर बाई, यांनी बंद रेंजवर येऊच नये असं माझं ठाम मत आहे.

वयाचं म्हणाल तर सहाच्या आतलं मूल मी गोळीबाराजवळ आणू देत नाही. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी दहा मीटर एअर रायफलची स्पर्धा लांबून बघावी, अर्धा तास पुष्कळ झाला. त्यापुढच्या मुलांना मात्र खूप काही दिसतं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, हे कळलं की मुलं त्या नेमबाजाच्या श्वासाकडे बघायला लागतात, बंदुकीकडे नाही. मला रेंजवर सर्वांत जास्त आवडणारा क्षण तो.

घरून निघताना मुलाला फार सांगत बसू नका. कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. "स्टॉप" ऐकू आलं की जिथे आहोत तिथे थांबायचं. नळीतून बाहेर आलेली नारिंगी दोरी दिसली तर बंदूक रिकामी असल्याची ती खूण असते, हेही दाखवा, म्हणजे मुलं ती शोधत बसतात आणि शांत राहतात. तुमचा फोन खिशात ठेवा. कुणी प्रेमाने म्हणेल, "घे रे बाळा, धर, फोटो काढू." हसून नाही म्हणा, आणि तो माणूस कितीही ज्येष्ठ असला तरी मुलाला आपल्याजवळ ओढून घ्या. फोटोसाठी हत्यार हातोहात फिरायला लागलं की मुलाचा दिवस तिथे संपला असं समजा.

मुलाला पुढे शिकायचं असेल तर लगेच बंदूक विकत घेऊ नका. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला ऑलिम्पिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी आहे. अशा ठिकाणी क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सुरुवात करा. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असते, त्यामुळे बारीक चणीच्या मुलाला सुरुवातीला ती टेकूवर ठेवून नेम धरू दे. आणि दारातच मुलाने हात घट्ट धरून "मला नाही जायचं" म्हटलं, तर समजूत घालत बसू नका. रिक्षा करा आणि परत फिरा.