मोरोक्कन चिकन ताजिन घरी करताना या चुका टाळा

मोरोक्कोमध्ये ‘ताजिन’ हे शंकूच्या आकाराचे झाकण असलेल्या मातीच्या पसरट भांड्याचे नाव आहे, आणि त्या भांड्यात मंद आचेवर शिजणाऱ्या पदार्थाचेही तेच नाव आहे. कोंबडी आणि भाज्यांचे ताजिन हे तिथल्या घरांतले साधे, जिवाला बरे वाटेल असे जेवण असते. आपल्या स्वयंपाकघरात ते फसते तेव्हा बहुतेक वेळा साहित्यात काही कमी नसते. कोंबडीचा रस्सा करण्याची सवय हाताला इतकी बसलेली असते की ताजिनचाही नकळत रस्साच होतो, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका त्या एका सवयीतूनच होतात.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक कांद्याची. आपण तेल तापवून कांदा तांबूस होईपर्यंत परततो, आले-लसणाचे वाटण घालतो आणि तेल सुटेपर्यंत मसाला भाजतो. सुंठ, मिरी, हळद आणि केशर घालून केलेल्या पिवळ्या ताजिनची, म्हणजे ‘मकल्ली’ची, रीत याच्या उलट आहे. त्यात किसलेला किंवा अगदी बारीक चिरलेला कच्चा कांदा, ऑलिव्ह तेल, मसाले आणि कोंबडी थंड भांड्यातच एकत्र कालवून मंद आचेवर ठेवतात. कांदा स्वतःच्या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि शेवटी पाणी आटले की तेल व कांद्याचा दाट, चकाकणारा लगदा मागे राहतो. त्याला मोरोक्कोत ‘दगमिरा’ म्हणतात आणि ताजिनची सगळी चव त्यातच असते. तांबूस परतलेला कांदा असा विरघळत नाही आणि त्याची खमंग चव केशराला झाकून टाकते. 1 किलो कोंबडीला 2 मोठे कांदे, 4 टेबलस्पून तेल, 1 चमचा सुंठपूड, प्रत्येकी अर्धा चमचा मिरपूड व हळद, कोमट पाण्यात भिजवलेले चिमूटभर केशर आणि दोऱ्याने बांधलेली कोथिंबीर-पार्सलीची लहान जुडी हे प्रमाण पुरेसे आहे.

दुसरी चूक पाण्याची. मसाला तयार झाला की दोन-तीन वाट्या गरम पाणी ओतायचे, हे आपण विचार न करता करतो. झाकणबंद भांड्यात मंद आचेवर कांदा, कोंबडी आणि भाज्या भरपूर पाणी सोडतात, आणि वर चढलेली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थंड होऊन परत खाली उतरते. म्हणून सुरुवातीला अर्धी वाटी पाणी पुरते. तरीही ताजिन पातळ झालेच, तर कोंबडी आणि भाज्या अलगद ताटात काढून घ्याव्यात, उरलेला रस झाकण न ठेवता मोठ्या आचेवर आटवावा आणि मगच सगळे पुन्हा एकत्र करावे. दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर किंवा काजूची पेस्ट घालू नये. रस दिसायला दाट होतो, पण चव मात्र फिकीच राहते.

कोंबडीचे तुकडे निवडतानाही पुढचा विचार करावा लागतो. छातीचे बिनहाडाचे तुकडे तासभर शिजले की कोरडे आणि चोथट होतात, कारण त्यांत चरबी आणि संयोजी ऊती दोन्ही कमी असतात. मांडीचे हाडासकट तुकडे तेवढ्याच वेळात मऊ होतात आणि रसाला अंगही देतात. मोरोक्कोत ‘बेलदी’ म्हणजे गावरान आणि ‘रूमी’ म्हणजे फार्मवरची कोंबडी, असा आपल्या गावठी-ब्रॉयलरसारखाच भेद करतात. तिथल्या पाककृतीतले दीड-दोन तास पुष्कळदा बेलदीसाठी असतात. ब्रॉयलरच्या मांड्यांना 45 ते 50 मिनिटे पुरतात. त्याहून जास्त शिजवल्यास मांस हाडावरून सुटून रसात विखुरते.

भाज्या कोंबडीबरोबर एकदम घालून ढवळत राहणे, ही माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा झालेली चूक आहे. कोंबडी साधारण निम्मी शिजली की ती मध्यभागी ठेवून भोवती गाजर, सलगम आणि बटाट्याचे लांब, जाड काप उभे टेकवावेत आणि झुकिनी व मटार अगदी शेवटी वर ठेवावेत. त्यानंतर चमचा घालू नये. भांडे हलवून किंवा रस वरून सोडूनच काम भागवावे. गाजराचा मधला कडक दांडा काढून टाकण्याची तिथली पद्धत मला फार पटते, कारण त्यामुळे काप सारखे शिजतात. बटाटा कितीही वेळ ठेवला तरी कडक राहत असेल, तर आंबट पदार्थ लवकर पडला आहे असे समजावे. आंबटपणामुळे भाज्या मऊ व्हायला वेळ लागतो.

म्हणूनच खारवलेले लिंबू आणि ऑलिव्ह शेवटच्या 10 मिनिटांतच घालावेत. लिंबाचा गर काढून साल धुऊन घेतली नाही, तर पदार्थ खारट होतो आणि जास्त शिजल्यास कडवटपणाही उतरतो. मीठ त्यानंतरच चाखून घालावे. आपले गोड किंवा तिखट लिंबाचे लोणचे याला पर्याय होत नाही. त्यापेक्षा ताज्या लिंबाची किसलेली साल आणि थोडा रस उतरवल्यावर घालावा.

मसाल्यांबाबत दोन गैरसमज आहेत. ‘रास अल हानूत’ हे अनेक मसाल्यांचे मिश्रण प्रत्येक ताजिनमध्ये लागते, असे नाही. बकरी ईदच्या सुमारास होणाऱ्या ‘मरूझिया’ या मटणाच्या गोड पदार्थाला ते हवेच, पण रोजच्या कोंबडीला वर दिलेले मोजके मसाले पुरतात. त्याच्या जागी गरम मसाला घातला, तर ताजिनचे नावच उरते. हरिसा ही तिखट चटणी मुळात ट्युनिशियाची ओळख आहे. ती हवी असल्यास वेगळी वाढावी.

प्रेशर कुकर वापरणे ही चूक नाही. मोरोक्कोतल्या कितीतरी घरांत तो रोज वापरला जातो. मात्र त्यात फक्त कोंबडी शिजवावी आणि भाज्या व रस आटवण्याचे काम उघड्या, जाड बुडाच्या भांड्यात करावे.

ताजिन कूसकूसवर ओतून वाढण्याची पद्धतही मूळची नाही. कूसकूस हा वेगळा, पातळ रसासह आणि विशेषतः शुक्रवारी होणारा पदार्थ आहे. ताजिन ‘खोब्झ’ या जाड गोल पावाने टिपून खातात. गोव्याची पोई त्या कामाला उत्तम आहे.

मातीचे भांडे घेतले असेल, तर पहिल्या वापरापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, तेल लावून मंद तापवून घ्यावे. गॅसवर ठेवताना खाली ज्योत पसरवणारी जाळी ठेवावी, गरम भांड्यात थंड पाणी ओतू नये आणि उतरवल्यावर ते ओल्या ओट्यावर न टेकवता जाड कापडावर किंवा लाकडी पाटावर ठेवावे.