पोटातल्या महाधमनीची सीटी अँजिओग्राफी: जाण्याआधी

सीटी अँजिओग्राफी म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला धमन्यांचा सीटी स्कॅन. आधी अपवाद सांगते. या महाधमनीला फुगवटा असल्याची शंका आहे आणि पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, घाम फुटला, घेरी आली, तर खालचं काहीही करत बसू नका. १०८ ला फोन लावा. फुटलेल्या धमनीला तयारीची उसंत नसते.

एरवी पहिलं काम जुने सोनोग्राफीचे रिपोर्ट शोधण्याचं. ही धमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ झाली की फुगवटा म्हणतात. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. पण वर्षभरात सेंटिमीटरहून जास्त वाढ झाली असेल तर त्याआधीही. ती वाढ कळते जुन्या कागदावरूनच.

मग क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या, कारण शिरेतून दिलं जाणारं आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. आधी कधी या औषधाची ॲलर्जी आली होती का, दमा, थायरॉइड, मधुमेह आहे का, सगळं सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी काही काळ थांबवायला सांगतात; बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. उपाशी किती तास राहायचं हे सेंटरलाच विचारा. औषध जाताना अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. तपासणी घरातल्या आजोबांची असेल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, उगाच ओशाळतात बिचारे.

मूत्रपिंड फारच अशक्त असेल तर एमआरआयचा किंवा औषधाशिवाय साध्या सीटीचा पर्याय विचारा. साध्या सीटीत आकार तरी नीट कळतो. पेसमेकर असेल तर एमआरआयआधी सांगायलाच हवं.

आणि सीडी! नुसत्या फिल्म घेऊन घरी येऊ नका. मांडीतून स्टेंट-ग्राफ्ट (धमनीला आतून अस्तर देणारी जाळीदार नळी) बसवायचा झाला तर सर्जनला एकेक मिलिमीटरचे, शक्यतो त्याहून पातळ छेद, म्हणजे स्कॅनमधल्या चकत्यांसारख्या प्रतिमा, लागतात: मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली निरोगी भाग किती उरलाय, तो किती वाकलाय, कमरेखालच्या धमन्यांतून नळी जाईल का. तिथे रिपोर्टमधली दोन वाक्यं पुरत नाहीत. सीडी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा.

जाताजाता गुडघ्यामागच्या धमन्यांची सोनोग्राफी करायची का, हेही विचारा. पोटात फुगवटा असलेल्यांना तिथेही तो सापडू शकतो.